आडव्या डहाळीची खूण

आमच्या मुलींच्या शाळेच्या सहलीच्या अहवालात एक वाक्य आहे : "स्थानिक वाटाड्या स्त्रीच्या बेफिकिरीमुळे तीन विद्यार्थिनी वाट चुकल्या." त्या तिघींपैकी एक माझी अंजना. म्हणून या वाक्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. ते खोटं आहे.

मुळात शाळेने वाट दाखवायला घेतलेल्या हरणाबाई तिथल्या नाहीतच. त्या माणदेशातल्या, म्हसवडकडच्या. दिवाळी झाली की त्यांच्याकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि शिमग्याच्या सुमाराला परत वर येतात. लग्न झाल्यापासून बत्तीस वर्षं त्या गुहागरच्या समुद्राकडून निघून डोंगराच्या धारेने घाटमाथ्यावरच्या पेठवाडीला येतात. तीन दिवसांची चाल. पेठवाडीला जुना कोट आहे, तोफ आहे, म्हणून शाळेच्या पत्रकात या चालीला 'निसर्गरम्य ऐतिहासिक पदभ्रमण' म्हटलं होतं. त्याच वाटेवर हरणाबाईंची दोन मुलं जन्मली. तिसरं तिथेच पुरलेलं आहे. तो दगड त्यांनी अंजनाला दाखवला आणि चालता चालताच सांगितलं, "ह्यो आमचा केरबा. सव्वा म्हैन्याचा व्हता."

कळप चालतो तेव्हा हरणाबाई घोडीवर बिऱ्हाड लादून पुढे असतात. नवरा कोंडीबा मेंढरं घेऊन अर्ध्या दिवसाने मागून येतो. जिथे वाटेला फाटा फुटतो तिथे पुढचं माणूस चुकीच्या फाट्यावर हिरवी डहाळी आडवी टाकतं. बुडखा डोंगराकडे, शेंडा दरीकडे. मागून कुणीही येवो, बाई असो की पोर, डहाळी दिसली की तिकडे पाय टाकत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी इतकी नेमकी सोय केलेली आहे.

सहलीला पंचवीस मुली होत्या. बरोबर कवायतीचे मास्तर हंबीरराव. ते पलटणीतून तीन वर्षांपूर्वी परत आले. महायुद्धात इटलीच्या डोंगरात लढलेला माणूस, म्हणून आम्ही पालक निर्धास्त होतो. मी तर अंजनाच्या पिशवीत तीन प्रकारची मलमं भरून निर्धास्त होते.

दुसऱ्या दिवशी अंजनाच्या आणि दोघींच्या पायांना फोड आले. हरणाबाईंनी त्यांच्या टाचांना एरंडाची पानं बांधली आणि सांगितलं, "तुमी सावकाश या. पळू नका. डहाळी आडवी दिसली की तकडं जायाचं न्हाई, येवढं ध्येनात ठेवा. मोकळी आसंल ती आपली वाट."

"आणि डहाळी शेळीनं खाल्ली तर?" अंजनाने विचारलं.

"शेळी खाईल ती डहाळी हरणा टाकत न्हाई, पोरी. बत्तीस वर्सांत येवढं तरी शिकलो का न्हाई आमी?"

हरणाबाई घोडी घेऊन पुढे गेल्या. मधे मास्तर आणि बावीस मुली. मागे या तिघी. पहिल्या फाट्यावर मास्तरांनी आडवी डहाळी पाहिली, काठीने उचलून दरीत टाकली आणि मुलींना म्हणाले, "रस्त्यात आडवी फांदी म्हणजे कुणीतरी रस्ता अडवलाय. पलटणीत पहिलं काम काय, तर अडथळा काढायचा. मागच्यांना मोकळा रस्ता मिळाला पाहिजे." मुलींनी उत्साहाने पुढच्या चार फाट्यांवरचे अडथळे काढले. कुणाला वाटलं नाही की पुढे चाललेल्या बाईला हाक मारून विचारावं. अडाणी बाईला काय विचारायचं?

पहिल्या तीन फाट्यांवर तिघी पुढच्यांच्या आवाजामागे गेल्या. चौथ्या फाट्यावर आवाज नव्हता आणि दोन्ही वाटा मोकळ्या दिसल्या. त्यांनी रुंद वाट धरली. ती गुरांची वाट होती. गवतात शिरून ती थेट कड्यावर संपते.

पाण्याच्या टाक्यापाशी मास्तर मुलींना रांगेत बसवत होते. हरणाबाईंनी डोकी मोजली.

"मास्तर, तीन कमी हाईत."

"येतील की. फोड आलेत त्यांना."

"फोड येऊन येवढा येळ लागत न्हाई." घोडी झाडाला बांधून त्या उलट्या पळत सुटल्या. पन्नाशीची बाई. पाचव्या फाट्यावर डहाळी नाही हे बघून त्यांनी वहाणा हातात घेतल्या. तिघी सापडल्या तेव्हा ऊन कलत होतं. अंजना कड्यापासून आठ-दहा पावलांवर होती आणि उतरायला पायऱ्या दिसतात का ते वाकून बघत होती. हरणाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर ती दचकली असती. त्या लांबूनच साध्या आवाजात म्हणाल्या, "आगं बाय, बस खाली. दमलीयास."

ती बसली. म्हणून आज माझ्या घरात आहे.

हे सगळं मला अंजनाने सांगितलं, पण चार दिवसांनी, पुढे गेलेल्या मुलींकडून कळल्यावर. त्याआधी ती खरचटलेली घरी आली, 'वाट चुकलो' एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेने पालकांचं तक्रारपत्र पुढे केलं तेव्हा मी त्यावर सही केली. बी.ए. झालेल्या बाईने, न विचारता. ते पत्र पेठवाडीच्या पाटलांना गेलं. खतासाठी धनगरांची मेंढरं शेतात बसवतात आणि बदल्यात धान्य देतात. पाटलांनी गावाला सांगितलं, हरणाबाईचा कळप यापुढे बसवायचा नाही.

मी हंबीररावांना गाठलं. त्यांनी मान खाली घातली. "फांद्या मी काढल्या, हे मी सांगितलं होतं, ताई. हेडमास्तर म्हणाले, अहवालात नको, शाळेचं नाव जातं. माझी नोकरी नवी आहे." लढाईतून परत आलेला माणूस.

अंजनाला घेऊन मी पेठवाडीला गेले. पाटलांनी तक्रारपत्र काढून माझ्यापुढे धरलं.

"ही सई तुमचीच न्हवं?"

"माझीच. म्हणूनच आलेय."

"मग शाळेचा शिक्का मारून दुसरा कागद आना. निस्त्या बोलन्यावर मी गावाला काय सांगू?"

तो शिक्का हेडमास्तरांनी आजवर दिलेला नाही. म्हणून हे इथे लिहून छापायला देते आहे.

हरणाबाई गावाबाहेरच्या पडीक रानात घोडीवर बिऱ्हाड चढवत होत्या. मी माफी मागितली. त्या दोरी आवळत राहिल्या.

"तुमी शिकल्याली मानसं, बाई. कागुद तेवढा वाचता. ऱ्हाऊ द्या."

"पुढच्या वर्षी याल ना?" अंजनाने विचारलं.

"येनार की. धार काय तुज्या शाळंची हाय व्हय?" त्यांनी तिच्या टाचा बघितल्या, अंगठ्याने दाबून पाहिल्या आणि घोडीचा कासरा धरला.

गावात जाणारा रस्ता जिथे फुटतो तिथे त्या थांबल्या. करंजाची डहाळी तोडली आणि पेठवाडीच्या रस्त्यावर आडवी टाकली. मग मागे न बघता पुढे गेल्या.

एक बैलगाडी आली. गाडीवान डहाळी उचलायला खाली उतरला. अंजना त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, बांधावरून घाला गाडी. मागून मेंढरं यायचीत."

दुपारी कोंडीबा कळप घेऊन आला. मेंढरं डहाळीपाशी वळली आणि गावाला वळसा घालून पुढे गेली. एकही चुकलं नाही.