जाड तारांसाठी दुसरी गिटार

माझी पहिली गिटार वाईट नव्हती, पण माझ्या गाण्यांना ती चुकीची होती. गोड, पातळ आवाजाची, आणि तारा ज्याच्यावर बसतात तो तिचा ब्रिज स्प्रिंगवर तरंगणारा. हेवी मेटलच्या गाण्याला तारा खालच्या पट्टीत उतरवाव्या लागतात. हिची एक तार उतरवली की उरलेल्या पाच बिनसायच्या. त्यात आवाज वाढवला की गाण्याच्या आधी तिची घरघर ऐकू यायची.

बँडमध्ये आम्ही तिघं. आमच्या गाण्यांतली तीन माझी होती, शब्द माझे, चाल माझी, आणि तिन्ही खालच्या पट्टीतली. चिपळूणला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्हाला वाजवायचं होतं. दोन गाण्यांच्या मध्ये स्टेजवर सहा तारा पिळत बसणाऱ्या माणसासाठी पोरं थांबत नाहीत, चपला फेकतात. दुसरी गिटार मिळाली तर माझी गाणी होणार, नाहीतर नाही. एवढंच होतं, आणि माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

काय पाहिजे ते मला नीट माहीत होतं. घट्ट बसवलेला ब्रिज, तारांचा आवाज पकडणारे पण घरघर न करणारे दुहेरी पिकअप, थोडी लांब मान. रंग कुठलाही. मुंबईला गेलो तेव्हा एका दुकानात हे सांगितलं. दुकानदाराने आधी माझ्या चपला बघितल्या.

"रत्नागिरीत मेटल? तुमच्याकडे तो बाल्या डान्स असतो ना?"

"जाखडी म्हणतात त्याला," मी म्हटलं. "आणि आमच्या वाडीतला ढोलकीवाला तुमच्या डेमोवाल्यापेक्षा वेगात वाजवतो."

तिथून काही घेतलं नाही. घेणारही नव्हतो.

परत आलो तर बँडमधला दुसरा गिटारवाला माझी वाटच बघत होता. हा खोतांचा मुलगा. खोतकी कधीच गेली, पण आमच्या गावात त्यांच्या घराला अजून खोतच म्हणतात. आंब्याची बाग त्यांची, आणि माझ्या बाबांनी आयुष्यभर त्या बागेत आंबा काढला. आम्ही सराव करायचो ती आंबे भरायची शेडसुद्धा त्यांचीच, रत्नागिरीतल्या त्यांच्या समुद्राकडच्या घरामागची.

"कशाला फिरतोस?" तो म्हणाला. "माझी जुनी आहे ना. हमबकर आहेत, तुझे ते दुहेरी पिकअप, ब्रिज फिक्स आहे. तुला देतो. पैसे सावकाश दे, नाही दिलेस तरी चालेल."

नाही दिलेस तरी चालेल. हे वाक्य मी लहानपणापासून ओळखतो. हंगाम संपला की बाबांना मजुरी मिळायची आणि वर एक बोचकं. त्यात खोतांच्या घरातले उतरलेले कपडे. मी दहावीपर्यंत याच मुलाचे सदरे घातले. तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा आणि मागे वळून म्हणायचा, "ह्याचं वरचं बटन तुटलेलं होतं, लावलंस का?" सगळा वर्ग हसायचा. पुढे मी बीएस्सी झालो, आमच्या घरात पहिला. एमआयडीसीत मासळीच्या कंपनीत लॅबला लागलो. तेव्हापासून अंगावरचं सगळं माझं आहे.

तरी गिटार बघायला गेलो. कारण कागदावर ती बरोबर होती, आणि नुसत्या रागापोटी चांगली वस्तू सोडायला मी मूर्ख नाही. माझ्याकडे एकाच गिटारीचे पैसे होते. तिसरी होणार नव्हती.

शेडमध्ये भिंतीवर ती टांगलेली होती. कितीतरी पावसाळे तिथेच, खिडकीसमोर. मी ती मांडीवर घेऊन खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर आणि अ‍ॅलन की काढली. गिटारच्या मानेत आत एक लोखंडी सळई असते. जाड तारा मानेला पुढे ओढतात, तेव्हा ती सळई पिळून मान सरळ ठेवायची. सळई फिरत नसेल तर जाड तारांचा विचारच करायचा नाही.

"हे काय काढलंस?" तो म्हणाला.

"सळईवरचं झाकण उघडतो."

"विश्वास नाही?"

"तुझे वडील गिऱ्हाइकाला आंब्याच्या पेटीचा खालचा थर बघू देतात की नाही?"

"आमच्या पेटीत वर एक आणि खाली एक असं नसतं."

"मग उघडू दे."

आमचा ड्रमर कोपऱ्यात वडापाव खात होता, तो खायचा थांबला. मी झाकण काढलं. आत सळईचा नट गंजून लाल. की लावली, जोर दिला. हलला नाही. आणखी जोर दिला असता तर तुटला असता आणि मग तो दोष माझा ठरला असता. मान आधीच पुढे झुकलेली होती, साध्या तारांवरच.

"गंजलाय," मी म्हटलं. "नको मला."

"तुझ्या बजेटमध्ये अजून काय मिळणार आहे?"

"माझं बजेट मी तुला विचारलेलं नाही."

"तुम्हा लोकांना कितीही द्या..." एवढं बोलून तो थांबला, पण जेवढं बोलायचं होतं तेवढं बोलून झालं होतं. मी गिटार होती तिथे टांगली. मग तो म्हणाला, "उद्यापासून शेडही विचारू नकोस."

ड्रमरने तोंड पुसलं. "ड्रम माझा आहे रे. मी जिथे नेईन तिथे बँड. आमच्या मामाच्या गॅरेजमध्ये नेतो. यायचं त्याने यावं." खोतांचा मुलगाही आला. स्टेज त्यालाही हवं होतं. महिनाभर आम्ही दोघं एकमेकांशी फक्त ड्रमरमार्फत बोललो.

रविवारी गावी गेलो तेव्हा बाबांना सांगितलं. ते अंगणात कोयती घासत होते. मान वर न करता म्हणाले, "त्यांच्याकडचं आता काय आणू नको. सदरे आणले ते पुरे झाले."

शेवटी ऑनलाइन मागवली. काळी, अगदी साधी, नाव कोणी न ऐकलेलं. कुरियरवाला म्हणाला, "हातखंब्याला हायवेवरनं घेऊन जा, आत येत नाही." मोटरसायकलवर पाठीला खोका बांधून आणली. मानेवरच्या धातूच्या फ्रेटच्या कडा बोटाला कापत होत्या, त्या मी स्वतः कानशीने घासल्या. सळई लोण्यासारखी फिरली. जाड तारा चढवल्या, खालच्या पट्टीत उतरवल्या, रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पट्टी जिथल्या तिथे.

"रंग काय शवपेटीचा," खोतांचा मुलगा ड्रमरला म्हणाला. "त्याला सांग, मेटल आहे, लग्नातला ऑर्केस्ट्रा नाही," मी ड्रमरला म्हटलं.

चिपळूणला माझी तिन्ही गाणी झाली. काळीची पट्टी एकदाही हलली नाही. तिसरं संपलं आणि त्याच्या गिटारची तार तुटली. पुढचं गाणं त्याचं होतं, साध्या पट्टीतलं. सुटी तार त्याने आणली नव्हती, आणि जादा म्हणून आणलेली जुनी गिटार, तीच गंजकी, मान झुकल्यामुळे तार दाबली की बेसूर होत होती. महिन्यात पहिल्यांदा तो सरळ माझ्याशी बोलला.

"काळी दे."

"तिच्या तारा उतरवलेल्याच ठेवतो."

"एका गाण्यापुरती."

मी वाकून साध्या पट्टीतल्या गाण्यांसाठी आणलेली माझी पहिली गिटार उचलली, ती गोड, पातळ, घरघरणारी. त्याच्यापुढे धरली. "ही घे. जुनी आहे, पण तुला चालेल. पैसे नको."

पोरं शिट्ट्या मारत होती. त्याने घेतली. घ्यावीच लागली. माझ्या मापाचा पट्टा त्याला आखूड होत होता, गिटार छातीशी येऊन बसली होती, आणि तो तशीच वाजवत होता. मी काळी गळ्यात घालून शेजारी उभा राहिलो आणि पूर्ण गाणं बघितलं.

उतरल्यावर त्याने ती परत दिली. "घरघरते ही," म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं.