सात मोटारी, एक डीपी

तिगावच्या रस्त्याला आमची संत्र्याची बाग आहे. त्या वर्षी झाडांना ताण दिला होता, म्हणजे बहर फुटावा म्हणून पाणी मुद्दाम तोडलं होतं. ताण मोडायचा दिवस माझ्या वहीत लिहिलेला होता. तो येऊन गेला. पानं वळून गळू लागली. आणखी दोन दिवस गेले असते तर बहर हातचा गेला असता.

विहीर भरलेली होती. अडचण डीपीची, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची होती. तिच्यावर सात शेतांच्या मोटारी, आणि प्रत्येकीला ऑटो: लाईन आली की मोटार आपोआप सुरू. सकाळी आठला लाईन यायची, सातही मोटारी एकदम उठायच्या आणि फ्यूज उडायचा. लागोपाठ तीन सकाळी हेच.

लाईनमन खांबावरून उतरत म्हणाला, "पंगतीत सगळेच एकदम वाढा म्हणतीन, तर वाढणारा काय करन, मॅडम?"

मी यादी केली. ऑटो काढायचे, दोन-दोन मिनिटांनी एकेकानं हातानं बटण दाबायचं. माझा नंबर शेवटचा. सगळे हो म्हणाले. चौथ्या नंबरचे शेजारचे काका तेवढे म्हणाले, "तुमी शाळेत पोरं मोजा जी. माई मोटर मले समजते."

दुसऱ्या दिवशी मी विहिरीपाशी बसले. धुक्यात तारा डोंगराकडे जाऊन विरघळल्या होत्या. त्या टोकाला कुठंतरी एक प्रचंड चाक फिरत असेल. त्यातून आत्ता निघालेली वीज आत्ताच कुणीतरी वापरत असेल. सौंसरच्या कुणा स्वयंपाकघरात, पांढुर्ण्याच्या आरा मशीनवर. ती कोठीत भरून ठेवता येत नाही. मी उद्याची भाजीसुद्धा आज लिहून ठेवणारी. मला हे नवल वाटत राहिलं.

आठ वाजले. डीपी गुणगुणली. धुक्यात एक मोटार बोलू लागली.

एकच.

मग दुसरी, तिसरी. चौथी खोकत उठली, काकांची. पाचवी. सहावी. मी घड्याळ धरून बसले.

"दाबा ना मास्तरीणबाई!" बांधावरून काका ओरडले. "घडी काय पाहून राहिल्या?"

"अर्धं मिनिट आहे, काका!"

वेळ भरली तेव्हाच बटण दाबलं. पाइपानं आधी नुसता श्वास टाकला, मग पाणी. पहिल्या झाडाच्या आळ्यातली माती चुळचुळ करत ते पिऊ लागली. सातही मोटारी चालू होत्या.