पावणं, कुठलं तुमी?

ती बाई अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. अंगावर नऊवारी लुगडं, हातात नवऱ्याच्या चपला आणि तोंडात एकच धोशा, "सायेब, आमच्या पावण्याला हुडका."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला, पण तेव्हा मुंबईत समुद्राजवळच्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. बाई शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्याची. कांदा काढून झाल्यावर नवरा-बायको पहिल्यांदाच मुंबई बघायला आली होती. चोरांच्या भीतीने तिने दागिने काढून पिशवीत ठेवलेले. समुद्रावर नात्यातला निघालेला एक पाहुणा भेटला, त्याने चहा आणला. बाई चहा घेत नसे, दोघे पुरुष प्यायले. थोड्या वेळाने नवरा जागीच कोसळला. ती पाणी आणायला धावली आणि परत आली, तर पिशवीही नाही आणि पाहुणाही नाही.

नवरा सरकारी रुग्णालयात बेशुद्ध पडला होता. कसल्या गोळ्या दिल्या ते कळलं तरच नेमका इलाज करता येईल, नाहीतर काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी फिर्याद लिहून घ्यायला बसलो, तर बाई पाहुण्याचं नाव घालू देईना.

"त्यांनीबी त्योच चहा पिला व्हता. कुठं पडलं असतील बिचारं! आन सोयऱ्यावर केस केली तर नणंदंला तोंड कसं दावू?"

तिचा मला राग आला नाही. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की आधी गाव विचारतात. मग कुणाची बहीण कुठे दिली ते निघतं, आणि जीपमधून उतरेपर्यंत दोघे एकमेकांचे पाहुणे झालेले असतात. मीही त्यातच वाढलो. म्हणून मी तिला एवढंच विचारलं, "ओळख निघाली कशी? कोण काय म्हणालं ते नीट सांगा."

"त्यांनी इचारलं, पावणं, कुठलं तुमी? ह्ये म्हनलं, डिंगोऱ्याचं. त्ये म्हनलं, मंग आमी तिकडलंच की."

"पुढं?"

"ह्ये म्हनलं, आमची बहीण जवळच मढला दिली हाये. त्ये म्हनलं, अवो, मंग ती आमच्या भावकीतच!"

"मढचं नाव आधी कुणी घेतलं?"

"ह्यांनीच," बाई हळूच म्हणाली. पण तेवढ्यावरून आपला पाहुणा चोर निघेल, हे तिच्या मनाला पटेना.

तिने सांगितलेलं वर्णन घेऊन मी हवालदारांना पिटाळलं. दुपारी खबऱ्याने निरोप आणला. धक्क्याजवळच्या खानावळीत एक जण सकाळी टोपी घालून गावाकडचं बोलतो आणि जेवायला बसला की टोपी खिशात घालून झकास हिंदी झाडतो. आम्ही त्याला उचलून आणला.

खुर्चीवर बसताक्षणी त्याने मलाच विचारलं, "सायेब, तुमी कुठलं?"

मी फिर्यादीचा कागद पुढे ओढला.

"जुन्नरकडलं वाटता राव."

मी गावाचं नाव त्याला दिलं नाही. समोरच्याच्या तोंडून नावं काढून घ्यायची आणि तीच त्याला परत ऐकवायची, एवढाच या पठ्ठ्याचा धंदा. "आता तुझ्या मढबद्दल सांग," म्हटलं, तर "लई मोठं गाव हाये" यापुढे त्याची गाडी सरकेना. पण गोळ्यांचं काही कबूल करीना. तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला की पेशंटचा श्वास मंदावतोय.

मी बाईला आत आणायला सांगितलं. ओळख परेड होण्याआधी साक्षीदाराला आरोपी दाखवत नाहीत, याची सहकाऱ्याने आठवण करून दिली. परेड बिघडली तर बिघडू दे, माणूस जाता कामा नये, असं म्हणून मी दार उघडलं.

त्याला बघताच बाईचा चेहरा खुलला.

"बरं हाये ना तुमी, पावणं? ह्यांच्यावानी कुठं पडला असाल म्हनून जीव नुसता टांगणीला लागला व्हता. ह्यांना अजून सुद न्हाई वो."

त्याने मान खाली घातली. मार खाऊन निगरगट्ट झालेले पुष्कळ गुन्हेगार मी पाहिले होते, हाही त्यातलाच. पण तिच्याकडे त्याला बघवेना. मान वर न करता त्याने गोळ्यांचं नाव सांगितलं आणि मी फोनकडे धावलो.

नवरा वाचला. पिशवी खानावळीच्या माळ्यावर सापडली आणि त्या मुद्देमालावरच आरोपीला पुढे शिक्षा झाली. दोघांना गावच्या एसटीत बसवताना मी बाईला म्हणालो, "परमुलखात कुणी ओळख काढली, तर नावं त्याला सांगू द्या. आपण गावसुद्धा सांगायचं नाही. आणि त्याच्या हातचं पाणीदेखील घ्यायचं नाही." तिने मान डोलावली. शहर बघायला निघालेल्या प्रत्येकाला मी आजही हेच सांगतो.

निवृत्तीनंतर मी गावी आलो. एकदा नारायणगावहून मढकडे जाणाऱ्या जीपमध्ये समोर तीच दोघं बसली होती. माझे केस पांढरे झालेले, त्यांनी ओळखलं नाही. गंमत करावी म्हणून मी हसून विचारलं, "पावणं, कुठलं तुमी?"

नवरा बाहेर बघू लागला. बाईने मांडीवरची पिशवी पोटाशी घेतली आणि म्हणाली, "हितं पुढंच उतरायचंय आमाला."

माझा सल्ला तिने पाळला होता, तोही स्वतःच्या तालुक्यात, स्वतःच्या माणसांत. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आपण कोण ते सांगावं असं फार वाटलं. पण ओळख काढणारा आणखी एक परका, यापलीकडे मी त्यांचा कोण होतो? डिंगोरे आलं. दोघं उतरली आणि मागे न बघता निघून गेली.