बरबटलेल्या हातचा घास

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर, गेल्या वर्षी तिच्या बाराव्या वाढदिवशी, भवानीनगरच्या आमच्या घरात. आज ओट्स भाजल्याचा वास आला आणि सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आलं. तिला गहू, मैदा अजिबात चालत नाही. कणभर पोटात गेला तरी ती आजारी पडते. म्हणून ग्लुटेन-फ्री, म्हणजे गव्हाचा अंशही नसलेले ओट्स दळून, केळं-गूळ घालून तिनं स्वतः कुकरमध्ये केक केला होता. आमचे मानाचे चुलते बारामतीहून मैद्याचा केक घेऊन आले, तो त्यांनीच आधी चापला आणि क्रीमनं बरबटलेल्या बोटांनी तिच्या केकचा तुकडा मोडून तिच्या तोंडाशी नेला. "तात्या, आधी हात धुवा ना," ती म्हणाली. "आमच्या हाताला काय इख लागलंय व्हय गं?" सगळे फिदीफिदी हसले. मान राखायचा म्हणून तिनं घास गिळला. रात्रभर पोट धरून ओकत होती, आणि सकाळी हेच महाशय फोनवर म्हणतात, "म्या म्हनलं न्हवतं? त्ये ओटच बाधलं तिला!" असली दांडगाई माया म्हणून खपवताना यांना लाजही वाटत नाही. आज ती पुन्हा केक करतेय. घास भरवायला येणार असाल तर आधी हात धुवा, आणि ती नको म्हणाली तर हात खाली घ्या.