ऐनाचा पाला

"आधी झाड सांगा." तुम्ही मोठ्या हौसेनं काडेपेटीत एखादा पतंग धरून न्या, बाई पेटी न उघडताच विचारायच्या, "अळी कुठल्या पाल्यावर होती?"

भोरच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचा नवरा गेला. घरात त्या, सासूबाई आणि खिडकीत फडकं बांधलेल्या काचेच्या बरण्या.

एकदा त्यांनी मला दोन तपकिरी पतंग दाखवले. मला दोन्ही एकच वाटले.

"मलाही एकच वाटतात हो," त्या हसल्या. "पण हा ऐनावरचा, तो जांभळावरचा. यांच्या अळ्यांना एकमेकींचा पाला घाला, उपाशी मरतील पण तोंड लावायच्या नाहीत."

आतून सासूबाई म्हणाल्या, "लोकं कोंबड्या पाळत्यात, आमच्यात किडं!"

पुढं बाईंना टायफॉइड झाला. पुण्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी चौकशीला गेले, तर सासूबाई परातीपुढं रडवेल्या होऊन बसलेल्या. बरण्या धुताना दोन्हीकडच्या अळ्या एकत्र झाल्या होत्या, आणि दिसायला सगळ्या सारख्याच.

"आता कुठली कुठल्या झाडाची? पोर आल्यावर काय सांगू?"

मग त्यांनीच परातीच्या एका कडेला ऐनाचा पाला ठेवला, दुसऱ्या कडेला जांभळाचा. आम्ही दोघी बघत बसलो. बऱ्याच वेळानं अळ्या हलल्या. काही इकडं गेल्या, काही तिकडं.

"वळखलं गं बाई आपापलं!" सासूबाईंनी डोळे पुसले. तेव्हापासून पाल्यासाठी त्या भाटघरच्या बाजूला रोज चालत जायच्या.

बाई परतल्या तेव्हा केस गळले होते, धड उभं राहवत नव्हतं. बरण्यांतले कोश बघून त्या खालीच बसल्या. "आत्याबाई, मला वाटलं, सगळं मेलं असेल."

"गप. आदी प्येज खा," म्हणत सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावरून पदर नीट केला.

दोनेक वर्षांनी बाईंची लांब बदली झाली. विंझरहून सासूबाईंचा धाकटा मुलगा त्यांना न्यायला आला. "म्हातारपनी कशाला फरफट? हक्काचं घर हाय आपलं."

"तुला तुझी बायकू हाय," सासूबाई म्हणाल्या. "हिला पाला कोन आनून देनार?"

तो दोघींची ट्रंक उचलून स्टँडवर घेऊन गेला.

एसटी सुटली तेव्हा मी हात हलवत होते. दोघींचं लक्षच नव्हतं. सासूबाई खिडकीबाहेरच्या झाडाकडं बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या, आणि बाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.