ए विंगची नवी चाल

आमच्या ए विंगचं भजनी मंडळ गेली तीन वर्षं दुसरं येत होतं. यंदा ते शेवटचं आलं, माझ्यामुळे.

मंडळ माझी आत्या चालवते. पहिला नंबर दर वर्षी आमच्याच डोंबिवलीच्या सोसायटीतल्या बी विंगवाल्या नेतात. यंदा त्यांना हरवायचंच म्हणून आत्याने नवरात्रातल्या स्पर्धेसाठी देवीचं पद स्वतः लिहिलं. चाल मात्र सुचेना. आणि जेवताना बाबांनी सांगून टाकलं की मी कॉम्प्युटरकडून चाली करून घेते.

खरं होतं. मी प्रोग्रॅमला भूप रागाचे पाच स्वर दिले होते. फासे टाकावेत तसे त्यातले स्वर उचलून तो सोळा मात्रांत बसवायचा. मी पाठवलेली लिंक उघडून आत्याने आपल्या फोनवर एक चाल ऐकली आणि डोळे मिटले.

"हे कॉम्प्युटरचं नाही गं, हे तुझं आहे. उद्या मंडळात येऊन गाऊन दाखव."

दहा काकूंसमोर! (शाळेत मी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे.) मी म्हटलं, त्यापेक्षा ग्रुपवर लिंक टाकते. टाकली. दहा नमस्कार आले.

आता एक बारीक गोष्ट. नव्या फोनवर लिंक उघडली की प्रोग्रॅम नवी चाल बनवायचा आणि त्या फोनमध्ये जपून ठेवायचा. ही करामत माझीच. मला तिचा अभिमानही होता. फक्त ऐन वेळी आठवली नाही.

एरवी पहिल्याच तालमीत सगळं उघड झालं असतं. पण सोसायटीचा हॉल एकच, आणि आमची तालीम संपायच्या आधीच बी विंगवाल्या दारात येऊन बसायच्या. चाल फुटू नये म्हणून आत्याचा हुकूम निघाला: नवं पद घरीच, इअरफोन लावून, मनातल्या मनात.

स्पर्धा ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ. दोन्ही विंगची बस एकच, त्यामुळे शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्येही आमची तोंडं बंद. अकरा जणी इअरफोन लावून डोलत होत्या. त्यांतल्या शोभाकाकूंनी कौतुकाने एक इअरफोन माझ्या कानात घातला. चाल मला नवीनच वाटली. छान होती, म्हणून मीही डोलले.

स्टेजवर पहिला शब्द सगळ्यांचा एकत्र आला. दुसऱ्याला शोभाकाकू वर गेल्या, आत्या खाली उतरली आणि उरलेल्या नऊ जणी वाट फुटेल तिकडे. तबलेवाले काका आधी आत्याकडे, मग थेट देवीच्या फोटोकडे पाहू लागले. पाचच स्वर, त्यामुळे बेसूर कोणीच नव्हतं, आणि म्हणून थांबलंही कोणी नाही. बाकीच्या चुकतायत असं वाटून त्यांना सावरायला प्रत्येकीने आवाज चढवला.

प्रेक्षकांत माझ्या मागे बसलेली बी विंगची एक काकू शांतपणे म्हणाली, "ही चाल लपवलेली होय?"

पद संपल्यावर परीक्षक बाईंनी विचारलं, "यातली नक्की चाल कोणती?"

अकरा बोटं माझ्याकडे वळली. त्या संध्याकाळी मंडळाने एकत्र केलेली तेवढीच गोष्ट.

"माझी भाची आहे. तीच सांगेल," आत्या म्हणाली. अजूनही तिच्या चेहऱ्यावर थोडी आशा होती.

माईक माझ्यापर्यंत आला. दहा काकूंना टाळलं होतं, आता समोर अख्खा हॉल. मी माझ्या फोनवर चाल एकदा ऐकली आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत गायले.

ती बारावी चाल होती.