पाणी सोडून

ही हकिकत सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं. गावाकडून कुणी आलं आणि सोनाजीचा विषय निघाला, की मी आगबोटीच्या गोष्टी सुरू करायचो. एडनचं ऊन, काठेवाडच्या किनाऱ्यावरची वादळं. ऐकणारे खूश व्हायचे आणि सोनाजी मागं पडायचा. आता तो या जगात नाही, माझेही फार दिवस उरले नाहीत. तुम्ही जे दर्यापूरकडं राहिलात आणि जे माझ्यासारखे तिथून निघालात, त्या सगळ्यांनी हे एकदा वाचावं.

आम्ही दोघं निघालो ते अकोल्याहून, कापसाच्या गाठींवर बसून. आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंत आली नव्हती, रुळांसाठी मातीचे भराव पडत होते. अमेरिकेत लढाई चालू आहे आणि म्हणून विलायतेला आपला कापूस हवा आहे, एवढंच आम्हाला ठाऊक. बैलगाड्यांची रांग इतकी लांब होती की पहिली गाडी हलल्यावर आमची हलायला बराच वेळ गेला. त्या वेळात सोनाजीच्या आईनं, म्हणजे काशीमायनं, मला बाजूला घेतलं. म्हणाली, "किसना, तू शिकेल हायस. याचं बोलणं तिकडच्याईले समजणार नाई. तू समजावून सांगजो." मी मान हलवली. माझे वडील जवळच उभे होते. त्यांनी हात ठेवला तो सोनाजीच्या पाठीवर.

तो हात मी विसरलो नाही. माझी सगळी गोष्ट त्या हातापासूनच सुरू होते.

आम्ही एका गावचे. आमची काळी कपाशीची जमीन, त्यांचा भाजीपाल्याचा मळा. मी अमरावतीच्या शाळेत चार बुकं शिकलो, सोनाजीला अक्षर येत नव्हतं. त्या तेजीत अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं कापसाच्या गाठी दाबायला वाफेचं इंजिन आणवलं आणि आम्ही दोघं तिथं कामाला लागलो. मी वहीत लिहून घ्यायचो, सोनाजी भट्टीवर. महिनाभरात मुंबईहून आलेला मिस्त्री कुठं काही बिघडलं की सोनाजीलाच हाक मारू लागला. सोनाजी इंजिनाच्या अंगाला कान लावायचा आणि म्हणायचा, "हे इथं घासून राहिलं." उघडून पाहावं तर तिथंच घासलेलं असे. मी तोच कान तिथंच लावायचो. मला नुसती खडखड ऐकू यायची. घरी जेवताना वडील म्हणाले, "त्याच्या हातात काई तरी हाय. तुह्या हातात निरा वही हाय." त्या दिवसापासून मला सोनाजीचं हसणंही खुपायला लागलं. तो मला मात्र भावासारखा वागवत होता आणि तेच जास्त खुपायचं.

मिस्त्रीचा करार संपला तेव्हा तो आम्हाला म्हणाला, इथलं इंजिन ही लढाई आहे तोवर. बोटीचं इंजिन शिका, सरकारी सर्टिफिकेट काढा, मग जन्माची चिंता नाही. त्याच्या मागून आम्ही मुंबईला आलो.

पहिलं वर्ष गोदीच्या कारखान्यात गेलं, कानशीनं लोखंड घासण्यात. मग मिस्त्री जिच्यावर होता, त्या किनाऱ्यानं जाणाऱ्या आगबोटीवर कोळसा टाकायला. भर समुद्र आम्ही दोघांनी एकाच दिवशी पाहिला. मला पहिल्याच फेरीत ओकाऱ्या लागल्या. सोनाजी मला धरून बसला होता आणि दुसऱ्या हातानं कांदा-भाकर खात होता. बोटीवरचे रत्नागिरीकडचे खलाशी त्याच्या 'मले-तुले'ला हसायचे. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. मी मात्र चार महिन्यांत माझं बोलणं बदलून टाकलं. 'काहून' गेलं, 'का' आलं. पुढंपुढं कुणी विचारलं तर मी नुसतं 'अमरावतीकडचा' म्हणायचो.

परीक्षेपर्यंत लढाई संपली होती. कापसाचा भाव पडला, अमरावतीचं इंजिन बंद झालं. परतायला जागा नव्हती. आणि आमच्या बोटीवर सर्टिफिकेटवाल्याची एकच जागा रिकामी होती. मिस्त्रीनं ती सोनाजीसाठी मनात धरली आहे, हे मला माहीत होतं.

परीक्षा तोंडी असे. आत टेबलाशी साहेब, शेजारी त्याचा कोकणातला दुभाषा, दाराशी बाकावर माझ्या पाळीची वाट पाहत मी. साहेबानं सोनाजीपुढं पंपाचे सुटे भाग ठेवले आणि तो ते जुळवायला लागला. जुळवता जुळवताच त्याला विचारलं गेलं: भट्टी पेटलेली आहे आणि बॉयलरच्या काचेत पाणी दिसेनासं झालं, तर काय करशील?

या प्रश्नावरच पास-नापास ठरे. काच रिकामी म्हणजे आतलं पाणी आटलं; तशा तापलेल्या लोखंडावर गार पाणी गेलं तर बॉयलर फुटतो आणि माणसं मरतात. तेव्हा पाण्याला हात लावायचा नाही, आधी विस्तव बाहेर ओढायचा. अमरावतीला मिस्त्रीनं हे आमच्याकडून रोज घोकून घेतलं होतं. सोनाजीनं मान वर न करता सांगितलं, "पाणी सोडून इस्तो काढतो, सायेब."

पाणी सोडून, म्हणजे पाण्याच्या वाटेला न जाता. आमच्या भट्टीवर याचा दुसरा अर्थ कुणी केलाच नसता. दुभाषा अडखळला. तो बाकापाशी आला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही गाववाले ना? इस्तो म्हणजे काय?"

"विस्तव," मी म्हणालो.

"म्हणजे आधी पाणी आत सोडतो, मग विस्तव काढतो. असंच ना?"

सोनाजी पंपात गुंगला होता. त्याला काही ऐकू गेलं नाही. मला एकच शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "पाणी सोडून, असंच म्हणाला तो."

यात खोटं एक अक्षर नाही. त्याच आधारावर मी चाळीस वर्षं झोपलो. जागा एकच होती, हेही मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण जागा दहा असत्या तरी मी हेच केलं असतं. एकदा तरी त्याचं चुकावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

माझी पाळी आली तेव्हा तोच प्रश्न मला आला. मी स्वच्छ मुंबईच्या बोलीत उत्तर दिलं आणि पास झालो. सोनाजी नापास.

बाहेर सोनाजीनं विचारलं, दुभाषा तुझ्याशी काय बोलत होता? मी सांगितलं, त्याला इस्तो म्हणजे काय ते कळत नव्हतं. सोनाजीला हसू आलं. "मंग भाकर कायच्यावर भाजते हा?" थोडं चालल्यावर म्हणाला, "माह्यं काय चुकलं रे?" मी म्हणालो, "पाण्याचं चुकलं."

सहा महिन्यांनी पुन्हा बसता येत होतं. तो बसला नाही. आपल्याला जे पक्कं ठाऊक होतं तेच चुकीचं निघालं, मग आपल्या हातून माणसं मरतील, असं त्यानं मनाशी घेतलं. मिस्त्रीलाही काही न विचारता तो गावी परतला. पुढं बडनेऱ्याला रेल्वेवर माणसं हवी होती, तरी त्यानं इंजिनाला कधी हात लावला नाही. मळ्यातली वांगी-मिरच्या दर्यापूरच्या बाजारात नेत राहिला आणि भेटेल त्याला सांगत राहिला, आमचा किसना आगबोट चालवून राहिला.

मी आगबोट चालवली, पण बेताचीच. एकदा भर समुद्रात इंजिनाचा दांडा तापून जळायला आला तरी मला आवाजातला फरक कळला नाही. खालच्या कोळसेवाल्यानं ओरडून सांगितलं. त्याही वेळी मनात आलं, सोनाजीला हे आधी ऐकू आलं असतं. म्हणजे जागा मिळाली, सर्टिफिकेट भिंतीला लागलं, आणि हेवा होता तिथंच राहिला. गावात लोक त्याला हाक मारून बसवून घ्यायचे. मला पाहुण्यासारखं खाट टाकून द्यायचे. त्याचाही मी हेवा केला.

गेल्या खेपेला मी सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मळ्यात दोघंच होतो. तो मिरचीची रोपं लावत होता. म्हणाला, "किसना, आता तं मी कोन्त्या परीक्षेले बसून नाई राहिलो. खरं सांग, काचीत पाणी नसन तं काय करा लागते?"

"इस्तो काढा लागते," मी म्हणालो. किती वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून निघाला.

"अन् पाण्याले?"

"हात लावाचा नाई."

त्याचे हात मातीत तसेच थांबले. "मंग मी तं तेच म्हणलो होतो." त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागावून नाही. नुसतं पाहत राहिला, पुढं मी काय बोलतो म्हणून. मी म्हणालो, गाडीची वेळ झाली.

लोक म्हणतात, आपलं बोलणं जिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही ते घर. माझं तसं घर म्हणजे सोनाजीचा मळा, आणि मी तिथं तोंड उघडू शकलो नाही, कारण तिथं मध्ये दुभाषा नव्हता. मी काय बोललो आणि काय बोललो नाही, ते सोनाजीला सरळ समजलं असतं.

पावसाळ्यात तो गेल्याची चिठ्ठी आली. मळ्यातून उठताना मी जे म्हणायला हवं होतं ते फार लांब नव्हतं: सोनाजी, तुह्यं काई चुकलं नव्हतं. मले समजलं होतं. मी सांगतलं नाई.